जिरातच बसणारं सीआरएम कुणी वापरलंय का?

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. सव्वीस माणसं. कारखान्यांना ॲप करून द्यायची आणि पुढे वर्षानुवर्षं त्याची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल, सांभाळायची, हा धंदा. सहा वर्षांपासून सगळं काम जिरावर (ॲटलासियन कंपनीचं कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, त्यात दर कामाचं एक तिकीट) चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. विक्री आम्ही तिघं बघतो: मी आणि आणखी दोघं. ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, आमच्याकडे नाही. मग नोंदी कुठे असतात? एका गूगल शीटमध्ये, तिघांच्या व्हॉट्सॲपमध्ये आणि उरलेल्या माझ्या डोक्यात.

गेल्या महिन्यात याचा हिशोब चुकता झाला. चाकणच्या एका कारखान्यासाठी मशीनच्या देखभालीच्या नोंदींचं ॲप केलं. डेमोच्या दिवशी त्यांचे प्लांट मॅनेजर सहज म्हणाले, "ऑफलाइन चालतं ना हो? मागच्या शेडमध्ये रेंज नसते, ते मी बोललो होतो." आमचा डेव्हलपर माझ्याकडे बघतोय, मी विक्रीवाल्याकडे बघतोय. संध्याकाळी त्याच्या फोनवर शोधलं तर सव्वा मिनिटाचा व्हॉइस नोट सापडला. मागे प्रेस मशीनची धडधड आणि त्यात साहेबांचा आवाज: "...आणि नेट नसलं तरी चाललं पाहिजे बरं का." आमच्या माणसाने तो ऐकलाही होता, खाली अंगठा दाखवला होता. पण जिराच्या एकाही तिकिटावर त्यातला शब्द नव्हता. तीन आठवड्यांचं काम फुकट गेलं.

तेव्हापासून मला एकच हवंय. ग्राहकाशी झालेलं बोलणं आणि त्याचं काम एका ठिकाणी दिसावं. रस्ते मला हे दिसतायत: जिरातच एक वेगळा प्रोजेक्ट करून त्याला सीआरएम म्हणायचं, ॲटलासियनच्या मार्केटप्लेसवरून (तिथे जिराला जोडायची इतरांची ॲप्स मिळतात) जिराच्या आत चालणारं सीआरएम ॲप घ्यायचं, किंवा सीआरएम वेगळं घेऊन जिराशी जोडायचं. सगळं उचलून दुसरीकडे जायचा चौथा रस्ताही आहे, पण तो काढला तर डेव्हलपर मंडळी मला जिवंत ठेवणार नाहीत.

कुणी यातलं काही प्रत्यक्ष केलंय का? जाहिराती वाचून झाल्यात, अनुभव हवेत.

चहाटळ
जिराने भल्याभल्यांची जिरवलीय, आता सेल्सवाल्यांची पाळी म्हणायची.

अवांतर: जिरा हे नाव आपल्या फोडणीतलं नाही, 'गोजिरा'वरून आलंय. गॉडझिलाला जपानीत गोजिरा म्हणतात. मार्केटिंगच्या पोरांनी पहिल्यांदा जिरा उघडल्यावर त्यांचे चेहरे पाहिलेत, नाव योग्य आहे.

गावठी_डेव्हलपर
पहिला रस्ता आम्ही चाललोय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२१ साली आम्ही 'ग्राहक' नावाचा प्रोजेक्ट केला आणि दर ग्राहकाचं एक तिकीट उघडलं. नवीन, बोलणी, कोटेशन, होकार, पूर्ण असे रकाने. महिनाभर बोर्ड बघून सगळे खूश. मग पहिला ग्राहक 'पूर्ण'मध्ये गेला आणि दोन महिन्यांनी त्याने दुसरं काम दिलं. आता काय करायचं? तेच तिकीट मागे ओढलं तर पहिल्या कामाची रक्कम पुसली जाते. नवीन काढलं तर एकाच ग्राहकाची दोन तिकिटं होतात, आणि फोन नंबर बदलला की दोन्हीकडे बदलावा लागतो. तो कुणी दोन्हीकडे बदलत नाही हे सांगायला नकोच.

घोळ कशात होता ते उशिरा लक्षात आलं. तिकीट ही संपणारी वस्तू आहे. अख्खं जिरा त्या गृहीतकावर उभं आहे: काहीतरी उघडतं, हलतं, बंद होतं. ग्राहक बंद होत नाही. कंपनी, तिच्यातला माणूस आणि त्याने विचारलेलं काम या तीन वेगळ्या नोंदी आहेत, आणि यातली फक्त तिसरी तिकिटासारखी वागते. माणूस तर नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीत जातो आणि तिथून तुम्हालाच फोन करतो. आमची तीन कामं अशी आलीत.

म्हणून मार्केटप्लेसवरचं कुठलंही ॲप बघताना मी आधी हे बघतो: कंपनी आणि माणूस यांच्या नोंदी त्याने तिकिटापासून वेगळ्या ठेवल्यात का, आणि एका कंपनीला दहा तिकिटं जोडता येतात का. काही 'सीआरएम' म्हणजे नुसता रंगीत बोर्ड आणि चार जास्तीचे रकाने असतात. ते तर तुम्ही स्वतः दुपारच्या चहाआधी बनवाल.

दुसरी गोष्ट, जिची आमच्याकडे बोंब झाली. जिरात परवानगी अख्ख्या तिकिटाला किंवा प्रोजेक्टला देता येते, तिकिटातल्या एकाच रकान्यापुरती देता येत नाही. डील कितीला ठरली हा आकडा तिकिटावर साध्या रकान्यात ठेवलात तर ते तिकीट दिसणाऱ्या प्रत्येकाला आकडा दिसतो. आमच्याकडे एका डेव्हलपरने स्वतःच्या पगाराने भागाकार केला. पुढचं अप्रेझल फार रंगलं.

चहाटळ
तो डेव्हलपर गावठी होता का हो?

गावठी_डेव्हलपर
नो कॉमेंट्स.

फिरतीवर
मी बारा वर्षं सेल्समध्ये आहे. औद्योगिक पंप विकते, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. माझी बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून लिहिते.

तुमच्या विक्रीवाल्याने ते तिकिटावर लिहिलं नाही म्हणून तुम्ही त्याच्यावर चिडला असाल. पण कर्वेरोडकर, त्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. गेटवर पास बनवायला वीस मिनिटं. आत मीटिंग. बाहेर पडताना पार्किंगमध्येच पुढच्या ग्राहकाचा फोन. एका हातात हेल्मेट. अशा वेळी फोनवर जिरा उघडून प्रोजेक्ट निवडा, इश्यू टाइप निवडा, आठ सक्तीचे रकाने भरा? मी तरी नाही भरणार. रात्री भरेन म्हणेन आणि रात्री निम्मं विसरलेलं असेल. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवायला एक सेकंद लागतो, म्हणून तो दाखवला जातो.

आमच्या ऑफिसने गेल्या सात वर्षांत दोन सीआरएम आणली. नावं सांगत नाही. दोन्ही वेळा निवडणाऱ्या समितीत आयटी होतं, अकाउंट्स होतं, आणि फिरतीवरचं कुणीही नव्हतं. पहिल्यात एका भेटीची नोंद करायला मी घड्याळ लावून मोजलं होतं: चार मिनिटं. दिवसाला सहा भेटी धरा. शेवटी आम्ही सगळे महिनाअखेरीला एका बैठकीत तीस दिवसांच्या भेटी 'आठवून' भरायचो. त्या आकड्यांवर साहेब लोक प्रेझेंटेशन करायचे आणि आम्ही मागे बसून गंभीर चेहरा ठेवायचो.

तेव्हा निवडायच्या आधी एक करा. ॲप त्या दोघांच्या फोनवर टाका आणि त्यांना कंपनीखालच्या पार्किंगमध्ये उभं करा. एका हाताने, अर्ध्या मिनिटात नोंद झाली तर पुढे बोला. आणि लॅपटॉपवर दिसतं ते सगळं फोनवर दिसतंच असं धरून चालू नका. जिराचं स्वतःचं मोबाइल ॲप एक, आणि त्याच्या आत बसवलेलं तिसऱ्याचं ॲप फोनवर कसं दिसतं ते वेगळंच.

वहीखाते
एवढ्या सगळ्यापेक्षा एक्सेल शीट आणि सोमवारी सकाळी अर्धा तास बैठक. तीन विक्रीवाले आहेत, तीनशे नाहीत. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं डायरीवर धंदा केला, एकही गिऱ्हाईक विसरले नाहीत.

फिरतीवर
वडील विसरले नाहीत हे खरं असेल. पण ती डायरी तुम्हाला वाचता येते का?

वहीखाते
अक्षर जरा मोडीच्या वळणावर जातं, हे मान्य.

उलटतपासणी
मी हिशोबाचा माणूस. इथे अजून कुणी पैशाचं बोललं नाही.

जिराच्या क्लाउडवर मार्केटप्लेसचं ॲप घेतलं की त्याचे पैसे साधारणपणे जिरावर जितकी माणसं आहेत तितक्यांचे लागतात. सीआरएम वापरणारे तिघं असले तरी. लोक इथेच फसतात, कारण माणशी दर दिसायला किरकोळ असतो. समजा दर महिन्याला माणशी १५० रुपये (आकडा उदाहरणापुरता). तिघांचे धरलेत तर वर्षाला ५,४०० होतात. पण बिल येणार सव्वीस जणांचं, म्हणजे ४६,८००. आणि समजा, वेगळं सीआरएम माणशी १,२०० रुपयांचं, पण तिघांपुरतंच घेतलं, तर वर्षाला ४३,२००. म्हणजे 'महाग' सीआरएम स्वस्त पडलं. तुमच्या खऱ्या आकड्यांनी हा गुणाकार करा आणि मगच बाकीचं वाचा. माणसं वाढली की फरक वाढतो: पुढच्या वर्षी दहा डेव्हलपर घेतलेत तर सीआरएमचंही बिल वाढेल आणि विक्रीवाले तिघंच असतील.

कुणी म्हणेल, दहा माणसांपर्यंत जिरा फुकट मिळतं, मग विक्रीसाठी वेगळं फुकट जिरा उघडा. त्यात प्रोजेक्टच्या परवानग्या बदलता येत नाहीत, हे एक. आणि डेव्हलपरना ते दिसणारच नसेल तर धागा कशासाठी काढला होता?

परदेशी कंपनीकडून सेवा घेतली की १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आपल्याला भरावा लागतो, क्रेडिट नंतर मिळतं. ते धरून बजेट करा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दर महिन्याला आपोआप जाणारी रक्कम १५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. तो मेसेज ज्याच्या फोनवर येतो तो रजेवर गेला की बिल थकतं. वर्षाचं एकदम भरलेलं बरं.

भट्टीवाला
राम राम. कोल्हापूरकडून. आमची फौंड्री, त्यामुळं जिरा-बिरा काय माहीत नाही. पण तुम्ही चौथा रस्ता उडवून लावला म्हणून बोलतो.

आम्ही ईआरपीनेक्स्ट घेतलं, विक्री, काम, बिलं सगळं एकात सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रापेवाल्यांचं आहे, ओपन सोर्स. त्यात चौकशी येते ती लीड, तिची अपॉर्च्युनिटी, तिचं कोटेशन, मग सेल्स ऑर्डर. आणि सेल्स ऑर्डरवरनंच बटण दाबून प्रोजेक्ट तयार होतो. त्याला आधी केलेला नमुना लावला की पॅटर्न, ट्रायल कास्टिंग, तपासणी अशी सगळी टास्क आपोआप पडतात. ग्राहक एकदाच लिहायचा. बिलात तोच, कामात तोच. सीआरएमच्या आत काम का कामाच्या आत सीआरएम, हा प्रश्नच राहत नाही.

आता खरं सांगतो. सॉफ्टवेअर फुकट आहे, चालवणं फुकट नाही. आमचा भाचा इंजिनिअर, तो बघतो. सर्व्हर, बॅकअप, अपडेट. तो गेल्या साली लग्नाच्या गडबडीत होता तर दोन आठवडे आमचं कोटेशन छापत नव्हतं. पैसे भरून होस्टिंग मिळतं, तसं घेतलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही तर सॉफ्टवेअरवालेच, तुम्हाला भाचा लागणार नाही.

गावठी_डेव्हलपर
भट्टीवाले भाऊ, पटलं. ज्याला वस्तू बनवायची, साठा सांभाळायचा, चलन काढायचं त्याला तो मार्ग सरळ आहे. झोहोचंही तसंच: चेन्नईची कंपनी, सीआरएम आणि प्रोजेक्ट्स दोन्ही तिचीच, त्यामुळे डील जिंकली की प्रोजेक्ट उघडायला तिसऱ्या कुणाचं जोडकाम लागत नाही. अगदी लहान सुरुवात असेल तर झोहोचं सीआरएम तीन माणसांपर्यंत फुकटही मिळतं. नवीन कंपनी असती तर मीही हेच सुचवलं असतं. पण सहा वर्षांची तिकिटं आणि गिटशी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) केलेली जोडणी सोडून डेव्हलपर हलणार नाहीत, आणि हलवू नयेत.

दूरदेशी
मी गेली नऊ वर्षं जर्मनीत. इथे जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा, २०१८ पासून लागू आहे, त्यामुळे कुठलंही साधन घेताना पहिला प्रश्न असतो: माणसाचं नाव आणि फोन नंबर नक्की कुठल्या सर्व्हरवर बसणार? तुमच्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, तेव्हा हे आता फक्त आमचं दुखणं राहिलेलं नाही.

मार्केटप्लेसच्या ॲपबाबत हे विशेष लागू पडतं. जिराच्या पडद्यावर दिसतं म्हणजे डेटा जिरातच आहे असं नसतं. ॲटलासियनच्या जुन्या कनेक्ट पद्धतीची ॲप्स ॲप बनवणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतात. नव्या फोर्ज पद्धतीची ॲटलासियनच्याच यंत्रणेवर चालू शकतात, पण तीही बाहेर डेटा पाठवू शकतात. ॲपच्या पानावर सुरक्षिततेची माहिती दिलेली असते, ती वाचा. कंटाळवाणी आहे, तरी वाचा.

आणि आत शिरण्याआधी बाहेर पडायचं दार बघून ठेवा. आम्ही एका साधनातून (नाव नको) निघालो तेव्हा सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, मिळाली. सगळ्या कंपन्या होत्या, सगळी माणसं होती. कुठला माणूस कुठल्या कंपनीचा, ते नव्हतं. सहा वर्षांच्या बोलण्याच्या नोंदीही नव्हत्या. एका विद्यार्थ्याला दोन महिने बसवून जोड्या लावल्या. चाचणीच्या काळातच दहा खोट्या नोंदी भरा, एक्सपोर्ट काढा, आणि त्या फाइलवरून चित्र पुन्हा उभं करता येतं का ते बघा. ॲप काढून टाकलं की त्याच्या नोंदींचं काय होतं तेही लेखी विचारा.

वाचनमात्र
वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे हीच चर्चा तीन बैठका चाललीय आणि व्हॉइस नोटपर्यंत कुणी पोचलेलं नाही.

कर्वेरोडकर
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. फिरतीवर ताईंची पार्किंगची चाचणी उद्याच करतो. उलटतपासणी यांचा गुणाकार रात्री केला आणि झोप लागली नाही.

एक शंका. ऑर्डर मिळाल्यावर विक्रीकडून डेव्हलपरकडे काम जातं, त्या क्षणी काय काय जायला हवं? सगळंच दाखवलं तर रकमा उघड्या पडतात.

गावठी_डेव्हलपर
रकमा ॲपमधल्या डीलच्या नोंदीत ठेवा आणि तिथली परवानगी वेगळी आहे का ते तपासा. कामाच्या तिकिटावर फक्त ग्राहकाचा दुवा. बाकी आम्ही असं केलंय: डील 'जिंकली'मध्ये ओढताना जिरा चार रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ग्राहकाला तोंडी काय कबूल केलं, काय करणार नाही असं सांगितलं, तिकडून शेवटचा शब्द कुणाचा, आणि तारीख कुणी ठरवली. भरले की ऑटोमेशन डेव्हलपमेंटच्या प्रोजेक्टमध्ये तिकीट उघडतं आणि ते चारही तिथे उतरतात.

चारच. आधी अकरा होते, तेव्हा सगळ्यांत टिंब टाकलेलं असायचं.

'काय करणार नाही असं सांगितलं' हा रकाना मी भांडून घातलाय. भांडणं जास्त त्याच्यावरूनच होतात.

फिरतीवर
'तोंडी काय कबूल केलं' हा रकाना बघून माझ्या पोटात गोळा आला. पण बरोबर आहे.

कर्वेरोडकर
सात आठवड्यांनी परत आलोय. मध्ये दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून इथेच लिहितो.

मार्केटप्लेसवरची दोन ॲप्स चाचणीवर घेतली. नावं मुद्दाम लिहीत नाही, आमच्या सव्वीस माणसांवरून कुणी त्यांचा न्याय करू नये. एक पार्किंगमध्येच बाद झालं: फोनवर कंपनीचं नाव शोधायला जागाच नव्हती. दुसऱ्यात कंपनी आणि माणूस वेगळे आहेत, एक्सपोर्टमध्ये जोड्याही शाबूत येतात, रकमा डेव्हलपरना दिसत नाहीत. तेच ठेवलं. खोट्या नोंदींऐवजी खऱ्या चाळीस लीड घातल्या, त्यामुळे दोन फोन नंबर मागच्या वर्षीच बदललेत हे कळलं.

उलटतपासणी यांच्या गुणाकाराचा वेगळाच फायदा झाला. बिल माणसांवर आहे म्हटल्यावर जिरावरची माणसं मोजली. नावं सव्वीसच होती, पण सगळी आमची नव्हती. दोन जुने इंटर्न, सोडून गेलेले तिघं, एका ग्राहकाचे दोन लोक ज्यांनी २०२३ पासून लॉगिन केलेलं नाही. ही सात नावं कमी केली. आमची रोज जिरावर बसणारी एकोणीसच निघाली, बाकी सात आमचे टेस्टिंगचे आणि हिशोबाचे लोक शीटवर समाधानी आहेत, त्यांना तिथे कधी घेतलंच नव्हतं.

आता खरी गोष्ट. पहिला आठवडा दोन्ही विक्रीवाल्यांनी नोंदी केल्या. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या. तिसऱ्या आठवड्यात एकाने मला सरळ सांगितलं, "सर, मी विकू की टाइप करू?" फिरतीवर ताईंचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला, तो म्हणाला, "बघा, हेच."

मग आमच्या ऑफिसच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या, ग्राहकाचा व्हॉइस नोट आला की यांनी तो फक्त मला फॉरवर्ड करायचा, किंवा गाडीत बसल्या बसल्या स्वतः अर्धा मिनिट बोलून पाठवायचं. रोज साडेपाच वाजता त्या हेडफोन लावून बसतात, ऐकतात आणि सीआरएममध्ये भरतात. चाळीसेक मिनिटं लागतात. 'तोंडी काय कबूल केलं' हा रकाना त्यांच्याइतका तंतोतंत कुणी भरत नाही, कारण त्या प्रेमळपणे लिहीत नाहीत, ऐकलं तसं लिहितात. "शुक्रवारपर्यंत बघतो असं म्हणाले, कोणता शुक्रवार ते बोलले नाहीत" ही परवाची एक नोंद. डेव्हलपरांनी तिला हार्ट दिलंय.

चाकणच्याच ग्राहकाचं पुढचं काम आलंय. कालच डील 'जिंकली'मध्ये ओढायला गेलो आणि जिरा अडलं, पहिला रकाना रिकामा. मॅडमना विचारलं, अजून भरलं कसं नाही? त्यांनी हेडफोन काढले आणि म्हणाल्या, "सर, त्यांच्याशी या वेळी तुम्ही बोललात. तुमचा व्हॉइस नोट मला अजून आलेला नाही."